दोन्ही बाह्या एका सुईवर

आत्याने भाचीला आपल्या घरी ठेवून घेतलं, त्यात आत्याचा फायदा काय होता ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढे लोक म्हणायचे, काय बाई प्रेमळ आत्या! प्रेम होतंच. पण या बाईने उभा जन्म इस्पितळाच्या स्टोअरमध्ये काढलेला. सही घेतल्याशिवाय कापसाचा बोळासुद्धा दाराबाहेर सोडला नाही. असं माणूस प्रेमसुद्धा जमा-नावे बघूनच करतं.

तर जमेच्या बाजूला पहिलं होतं गरम जेवण. आत्याला स्वयंपाक येत नव्हता. बेताचा येत होता असंही नाही, येतच नव्हता. नोकरीत होती तोवर इस्पितळाच्या कँटीनने पोसलं, आणि निवृत्तीनंतर ती पाव, अंडी आणि स्वाभिमान यांच्यावर दिवस काढत होती. दुसरी जमा म्हणजे बोलायला माणूस. लेक लग्न होऊन गेल्यापासून घरात आत्या एकटीच, आणि भिंतींना कान असतात म्हणतात, तर या घरातल्या भिंतींचे कान एव्हाना किटले होते. तिसरी जमा लोकरीची. भाचीच्या हातात सुया नाहीत असा क्षण म्हणजे तिच्या हातात डाव आहे असा क्षण. त्यामुळे घरात मोजे, टोप्या, मफलर आपोआप उगवायचे. आणि चौथी जमा आत्याने स्वतःशीसुद्धा मोठ्याने उच्चारली नव्हती. ती म्हणजे विहीणबाई.

लेकीच्या लग्नातल्या जेवणाबद्दल विहीणबाई हात पुसत म्हणाल्या होत्या, "ठीक होतं." बस, एवढंच. 'वाईट होतं' म्हणाल्या असत्या तर आत्या भांडून मोकळी झाली असती. हे 'ठीक' मात्र माशाच्या काट्यासारखं घशात अडकून राहिलं, ते आजतागायत. तेव्हा भाचीच्या हातचा रस्सा पहिल्यांदा जिभेवर पडला त्याच मिनिटाला आत्याच्या मनात विहीणबाईंचं ताट मांडलं गेलं होतं.

नावे बाजूला काय? मागची खोली, अर्धं कपाट आणि स्वयंपाकघराची किल्ली. सौदा वाईट नव्हता.

भाचीचाही तोटा नव्हता. ती फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये शेगडीला बंदी, मेसच्या भाजीला चव नाही, आणि तिथे विणत बसलं की खोलीतल्या बाकीच्या पोरी विचारायच्या, "काय गं, आजीबाई, नातू कितवा?" आत्याकडे तिचं राज्य होतं. तिने कामांची वाटणीच करून ठेवली होती. स्वयंपाक दोन जातींचा: ऐकायचा आणि बघायचा. शिजतं ते ऐकायचं, तळतं ते बघायचं. विणकामही दोन जातींचं: नुसतं सुलट-उलट, जे हात झोपेतही करतील, आणि नक्षीचं, ज्यात टाके मोजावे लागतात. मग जोड्या लावायच्या. पुस्तक अवघड असेल तर ऐकायचा स्वयंपाक आणि साधं विणकाम. पुस्तक सोपं असेल तर नक्षी. तळण असेल त्या दिवशी पुस्तक बंद. ही पद्धत तिने एकदाच मोडली. नक्षीची ओळ, हृदयाच्या झडपा आणि दुधाचं पातेलं असं तिन्ही एकत्र घेतलं. दूध उतू गेलं, मफलरला भोक पडलं, आणि झडपा आजवर उलटसुलट होतात.

सगळं छान चाललं होतं, पण सहामाहीच्या तोंडी परीक्षेत पोरगी नापास झाली. विषय शरीररचना. येत होतं सगळं, पण परीक्षकांसमोर बसली आणि दातखीळ बसली.

आत्याच्या धाकट्या भावाचा, म्हणजे भाचीच्या बापाचा, त्याच संध्याकाळी फोन आला.

"ताई, तू तिला डोक्यावर चढवून ठेवलीयस."

"डोक्यावर कशाला? स्टुलावर चढते आणि माझी जळमटं काढते."

"मस्करी नको. एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत, हिने तीन कोंबल्यात. विणायचंय, रांधायचंय आणि शिकायचंय! पुन्हा तोंडी आहे ना? त्यात पास झाली तर तुझ्याकडे राहू दे, मी चकार शब्द बोलणार नाही. नापास झाली तर हॉस्टेल. सुया माझ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात."

"अरे, पण माझं जेव…" आत्याची जीभ घसरलीच होती. तिने वेळेवर सावरली. "माझं जेवढं ऐकशील तेवढं ऐक. पास होईल ती."

फोन ठेवल्यावर तिने वळून पाहिलं. भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, बगलेत लोकरीचा गुंडा, डोळ्यांत पाणी.

"ऐकलंस?"

"ऐकलं. हॉस्टेलमध्ये मी वेडी होईन गं, आत्या. नुसतं पुस्तक घेऊन बसले की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात."

"मुंग्यांना साखर टाक. पास हो."

आता इथे आत्याच्या एका गुन्ह्याची नोंद करायलाच हवी. हा फोन येण्याच्या आधीच तिने विहीणबाईंना फोनवर सांगून ठेवलं होतं की प्रवासात इकडून जाल तेव्हा दुपारचं जेवण आमच्याकडे, आणि तुमच्यासाठी हाताने विणलेला स्वेटर तयार ठेवते. "तुम्ही विणता?" असं विहीणबाईंनी विचारल्यावर आत्या म्हणाली होती, "अहो, भाची आहे ना, माझ्या हाताखाली शिकते." आणि रस्सा? "तोही माझ्या हाताखाली." हाताखाली म्हणजे शेजारच्या खुर्चीत बसून, हे सांगायचं राहून गेलं. पुढे तोंडी परीक्षेची तारीख लागली, ती नेमकी विहीणबाई यायच्या दिवसाची.

"स्वेटर राहू दे," आत्या म्हणाली. "मी त्यांना बाजारातून एखादी शाल घेईन."

"पाठ झाली, पोट झालं, बाह्याच राहिल्यात. होईल गं!"

बाह्याही झाल्या. एका दुपारी भाची कॉलेजला गेलेली असताना आत्याने त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि स्टोअरच्या सवयीने हाताने सपाट केल्या. उजवी बाही डावीपेक्षा चांगली चार बोटं आखूड निघाली. रुंदीलाही चिंचोळी. आत्याने स्वयंपाकघरातला काटा काढला आणि दोन्ही बाह्या तोलल्या. उजवी हलकी. जुन्या स्टोअरकीपरच्या मनात पहिल्यांदा काय यावं? माल गळाला!

भाची घरात शिरते न शिरते तोच तिची झडती सुरू झाली.

"लोकर कुठे गेली?"

"कुठली लोकर?"

"या बाहीतली. विहीणबाईंचा एक हात आखूड आहे असं तुला कोणी सांगितलं? का उरलेल्या लोकरीत मैत्रिणीची टोपी काढलीस?"

भाचीने बाही उचलली, ओळी मोजल्या. मग दुसरीच्या मोजल्या. मग मटकन खुर्चीत बसली. "ओळी तेवढ्याच आहेत, आत्या. टाके तेवढेच, सुया त्याच, लोकर तीच."

"मग काय धुण्याआधीच आटली?"

भाचीने आखूड बाही ओढून पाहिली. ताणली जाईना. टाके एकमेकांना असे घट्ट बिलगले होते, जशी गर्दीत हात धरून उभी असलेली घाबरलेली पोरं. "ही बाही मी शरीररचना वाचताना विणली," ती हळूच म्हणाली. "आणि ती दुसरी स्वयंपाक करताना. तुझ्याशी गप्पा मारताना."

आत्याने दोन्ही बाह्यांवरून हात फिरवला. एक मऊ, मोकळी. दुसरी जणू सुतळी. इस्पितळात असताना तिने डॉक्टरांचे कितीतरी रिपोर्ट जपून ठेवले होते, पण भीतीचं माप असं लोकरीत उतरलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. माणूस तोंडाने 'घाबरले नाही' म्हणतं. बाहीला खोटं बोलता येत नाही.

"उसव," आत्या म्हणाली. "आणि आजपासून सुया बंद. नुसता अभ्यास. चल, मी प्रश्न विचारते. हात मांडीवर ठेव, परीक्षेत ठेवतेस तसे."

भाचीने हात मांडीवर ठेवले. आत्याने पुस्तक डोळ्यांपासून लांब धरलं. "तळहात वर फिरवणारा स्नायू कुठला?"

भाचीने तोंड उघडलं. मिटलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अगं, काल तर घडाघडा म्हणत होतीस!"

"येतंय मला. इथपर्यंत येतंय," तिने गळ्याला हात लावला, "आणि पुढे दार बंद."

आत्याने दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला. दार काही उघडेना. शेवटी आत्याने पुस्तक आपटलं आणि समोरची टोपली तिच्याकडे ढकलली. "राहू दे. मटार तरी सोल, निदान रात्रीचं जेवण पास होऊ दे."

भाची शेंगा सोलू लागली. आत्या तिच्याकडे पाहत बसली, आणि चिडून, काही करायचं म्हणून, पुस्तकातला तोच प्रश्न पुटपुटली.

"सुपिनेटर," भाची मटारातून मान वर न करता म्हणाली. "आणि कोपर वाकलेलं असलं की बायसेप्सही मदतीला येतो. उलट फिरवायला प्रोनेटर, एक कोपराजवळ, एक मनगटाजवळ." मग तिचा हात थांबला. "अय्या!"

"थांबू नकोस! सोल! पुढचा प्रश्न. कोपर सरळ कोण करतं?"

"ट्रायसेप्स."

"आणि हात खांद्यातून बाजूला कोण उचलतं?"

"सुरुवात सुप्रास्पायनेटस करून देतो, मग डेल्टॉइड उचलतो. म्हणजे सुरुवात एकाची आणि नाव दुसऱ्याचं."

"या घरासारखंच," आत्या म्हणून गेली आणि जीभ चावली.

टोपली रिकामी होईपर्यंत अख्खा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पाठ निघाला. आत्याने पुस्तक मिटलं. "कळलं. तुझी जीभ तुझ्या हातांना जोडलीय. हात रिकामे बसले की जीभही बसते."

"पण परीक्षेत मटार देत नाहीत गं."

"ते बघू. आधी हे सांग, बाह्यांचं काय करायचं? पुन्हा एक घाबरून विणणार आणि एक गप्पा मारत?"

भाचीने दोन्ही बाह्या पुन्हा एकावर एक ठेवून पाहिल्या. मग उठली आणि आपल्या पिशवीतून एक लांब सुई घेऊन आली; म्हणजे दोन सुयाच, मधे लवचिक तारेने जोडलेल्या. "दोन्ही बाह्या एका सुईवर घ्यायच्या," ती म्हणाली. "दोन गुंडे. एक ओळ हिची, एक ओळ तिची. मग मी घाबरले तर दोघी सारख्याच घाबरतील, आणि हसले तर दोघी हसतील. लांबी चुकायचं कामच नाही." आणि सुईकडे बघता बघता तिचे डोळे लकाकले. "आत्या, माझं चुकलं ते हेच. शरीररचना मी वेगळी काढून ठेवली होती. सोवळ्यात ठेवल्यासारखी. हात न लावता वाचायची. बाकी सगळं मी हाताने शिकते, आणि हाताचाच धडा तेवढा मांडीवर हात ठेवून शिकत होते!"

आत्याला यातलं सगळं कळलं असं नाही. पण दोन खात्यांचा माल एकाच फळीवर मांडला की तपासणी सोपी होते, हे ती जन्मभर बघत आली होती. "कर," ती म्हणाली.

इथून आत्याच्या नावे बाजूला नोंदी वाढायला लागल्या, आणि त्या तिच्या लक्षात यायच्या आत पान भरलं. दोन गुंडे एकत्र आले की एकमेकांच्या गळ्यात पडतात. म्हणून एक कढईत, एक चाळणीत ठेवून मधे आत्याला बसवण्यात आलं. प्रत्येक ओळीला सुई फिरली की आत्याने कढई इकडे आणि चाळणी तिकडे करायची. भाचीचे हात गुंतलेले, म्हणून पुस्तक आत्याने धरायचं. डोळे पुस्तकात गुंतलेले, म्हणून रस्सा आत्याने ऐकायचा.

"ऐकायचा म्हणजे?"

"उकळतोय तोवर खळखळ बोलतो. पाणी आटलं की आवाज जाड होतो, लोणच्याच्या बरणीत बोलल्यासारखा. तेव्हा ज्योत बारीक करायची."

"मला तर सगळं सारखंच ऐकू येतंय."

"येईल हळूहळू. तुझा कान घट्ट विणलाय."

पावाचं पीठ मळताना भाची तळव्याने ढकलायची आणि ओरडायची, "ट्रायसेप्स!" मुठीत ओढून घ्यायची, "बायसेप्स!" झाकण फिरवताना सुपिनेटर, परत फिरवताना प्रोनेटर. शेजारची बाई साखर मागायला आली आणि दारातच उभी राहिली. "काय हो, नवीन नोकर ठेवलेत की काय? कोणाला हाका मारताय?"

"स्नायूंना," आत्या म्हणाली. "तुमच्याकडेही आहेत. कामाला लावत नाही तुम्ही, एवढंच."

आणि हात रिकामे करण्याची युक्ती आत्याची. "साठा एकदम बंद करायचा नसतो," तिने सांगितलं. "वॉर्डात बोंब होते. हळूहळू कमी करायचा." आधी सुया काढल्या आणि मटार दिले. मग मटार काढले आणि नुसती शेंगांची सालपटं दिली. मग सालपटंही काढली. भाची रिकाम्या हातांनी हवेत मळायची, हवेत विणायची, हवेतल्या पातेल्याचं झाकण फिरवायची आणि उत्तरं द्यायची. शेवटी शेवटी तर प्रश्न विचारायच्या आधी आत्याचेच हात हलायला लागले.

परीक्षेच्या सकाळी स्वेटर तयार होऊन खुर्चीच्या पाठीवर बसला होता. शेगडीवर भलं मोठं पातेलं. भाचीने बूट घालता घालता सांगितलं, "सगळं घालून झालंय. तू फक्त ऐक. आवाज जाड झाला की बारीक कर. बाकी कशाला हात लावू नकोस."

"जा. आणि हे बघ, हात मांडीवर ठेवायचे नाहीत."

"आणि तू मला फोन करायचा नाहीस."

"मी कशाला करतेय!" म्हणत आत्याने फोन पदराआड लपवला.

ती गेली. आत्या पातेल्याजवळ स्टूल घेऊन बसली आणि ऐकू लागली. पण कान दोनच, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे मागणी फार. एक फोनकडे, एक फाटकाकडे. फाटक आधी वाजलं. विहीणबाई वेळेच्या बऱ्याच आधी येऊन ठेपल्या होत्या.

"गाडी लवकर पोचली," त्या म्हणाल्या. उंच बाई, ताठ मान. खोलीत शिरताना नेहमी अशा शिरायच्या जणू तपासणीला आल्यात. "वास छान येतोय. तुम्हीच केलात ना?"

"म्हणजे... चाललंय," आत्या म्हणाली.

"आणि हा स्वेटर! बघू. बाई, बाह्या अशा बरोब्बर जुळवल्यात कशा? मी एकदा प्रयत्न केला होता, एक बाही मला आली आणि दुसरी आमच्या नातवाला."

आत्याने सांगायला सुरुवात केली. दोन गुंडे, एक कढईत, एक चाळणीत. सांगता सांगता ती रंगली. हात हलायला लागले. एवढ्यात फोन वाजला, दूधवाल्याचा निघाला, आत्याने त्याला झापलं, परत येऊन उरलेली बाही सांगायला घेतली. विहीणबाई म्हणाल्या, "मग दाखवा ना एक ओळ विणून," आणि आत्याच्या हातात सुया ठेवल्या.

आत्याने सुया धरल्या. उलट्या धरल्या. विहीणबाईंनी सुयांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. आणि त्या शांततेत आत्याला पातेल्याचा आवाज ऐकू आला. जाड. बरणीतून बोलल्यासारखा. नव्हे, बोलून दमल्यासारखा. पाठोपाठ वास.

"लागलं!" आत्या ओरडली आणि सुया टाकून धावली.

रस्सा तळाला धरला होता. आत्या डाव घेऊन ढवळायला जाणार तोच विहीणबाईंनी तिचं मनगट धरलं. "ढवळू नका! सगळा करपट होईल. वरचं दुसऱ्या पातेल्यात काढा, अलगद. तळाला हात लावू नका."

दोघींनी मिळून रस्सा उपसला. विहीणबाईंनी चव घेतली, वाचला होता. आत्या मात्र ओट्याला टेकून उभी राहिली. तिने जन्मात कधी न केलेली गोष्ट केली: खोटी नोंद स्वतःच्या हाताने खोडली.

"विहीणबाई, मला यातलं काही येत नाही. स्वेटर भाचीचा, रस्सा भाचीचा. मी फक्त करपवलं, तेवढंच माझं."

विहीणबाईंच्या चेहऱ्यावर आधी काही हललं नाही. मग मान हलली, खांदे हलले, आणि त्या हसत सुटल्या त्या डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "अहो, तुमच्या लेकीला अंडं उकडता येत नव्हतं! तेव्हाच मला कळलं, हिच्या आईच्या हाताखाली कोण काय शिकणार! माझीही कथा निराळी नाही. आमच्याकडे सगळं नवराच करतो, करपलेलं वाचवणंसुद्धा मी त्यालाच बघून शिकले. लग्नाच्या जेवणाला मी 'ठीक' म्हटलं, कारण याहून जास्त मला कळतच नाही."

एवढी वर्षं घशात राहिलेला काटा असा फुकट निघाला. आत्याला हसावं की चिडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

एवढ्यात फाटक असं आपटलं की खिडकीची काच थरथरली. भाची दारात उभी होती, केस विस्कटलेले, एक बूट काढलेला, एक पायातच.

"आत्या!"

"आधी सांग! होय की नाही?"

"होय! होय! तासाभरात निकाल फळ्यावर लावला, माझं नाव पहिल्या ओळीत!"

मग तिने जे सांगितलं ते उभ्याने सांगितलं, हातांसकट. दोन परीक्षक होते. एक गोल, हसरे सर, आणि एक चष्मेवाल्या मॅडम, ज्यांनी मागच्या वेळी तिला नापास केलं होतं. मॅडम म्हणाल्या, तळहात वर फिरवून दाखवा आणि स्नायू सांगा. भाचीने हात उचलले, आणि ते आपोआप मळायला लागले.

"मॅडम म्हणाल्या, तुम्ही काय करताय? मी म्हटलं, पीठ मळतेय, मॅडम."

"अगं बाई! मग?"

"मॅडम गप्प. सर गप्प. मला वाटलं, संपलं. मग मॅडम म्हणाल्या, 'मळा.'"

विहीणबाईंनी टाळी वाजवली.

"मग काय! मी मळलं, मी विणलं, मी झाकण फिरवलं. ते विचारत गेले, मी रांधत गेले. शेवटी सर म्हणाले, माझा खांदा कपाटावरचं काही काढताना दुखतो, कुठल्या स्नायूचं काम? मी म्हटलं, सर, हात नुसता बाजूला उचला बघू. सुरुवातीलाच दुखतं की वर गेल्यावर? सर हात वर करून बसले, मॅडमही वर करून बघायला लागल्या. दोघेही हात वर! मीच परीक्षा घेतेय असं वाटलं. बाहेर निघताना मॅडमनी विचारलं, हे कुठे शिकलात?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, बाहीत."

आत्याने त्याच पावली भावाला फोन लावला. पलीकडून तो काही बोलायच्या आत म्हणाली, "तीन तलवारी मावल्या. म्यान मोठं लागतं, एवढंच. आणि चकार शब्द बोलणार नाहीस असं कबूल केलंयस, तेव्हा बोलू नकोस." आणि ठेवून दिला.

विहीणबाईंनी स्वेटर घातला तो जेवतानाही अंगातून काढला नाही. दोन्ही बाह्या मनगटाच्या हाडाशी येऊन थांबल्या होत्या, इकडे जेवढ्या तेवढ्याच तिकडे. पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले.

"ठीक आहे," विहीणबाई म्हणाल्या, आणि भाचीकडे ताट सरकवत पुढे म्हणाल्या, "आणखी वाढ. पुष्कळ वाढ."

संध्याकाळी त्या गेल्यावर हिशेब लागला तो असा. विहीणबाईंना स्वेटर मिळाला आणि पोटभर हसू मिळालं. भावाला उत्तर मिळालं. भाचीला खोली, शेगडी, सुया आणि पहिल्या ओळीतलं नाव मिळालं. आत्याला भाची मिळाली. घशातला काटाही गेला. आणि या सगळ्याची भरपाई केली कोणी, तर ओट्यावर तळ काळा करून बसलेल्या त्या पातेल्याने, आणि त्याच्यासमोर बाह्या वर सारून घासणी हातात घेतलेल्या आत्याने. भाचीने घासायला हात पुढे केला होता. आत्याने तो परतवला. करपवलं ते माझं, असं ती सगळ्यांसमोर बोलून बसली होती, आणि बोललेलं नावे पडतं.

भाची स्टुलावर बसून नव्या मोज्याचे टाके घालत होती. "आत्या," तिने विचारलं, "आत्ता ढकलतेयस, त्यात कोणाचं काम?"

"ट्रायसेप्सचं," आत्या दम खात म्हणाली. "सगळं त्याच्याच नावावर टाक. आज त्यानेच भरलंय."